दख्खनच्या घोड्यांची वैद्यकी

१५६३ साली गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापलं गेलं. लेखक गार्सिया द ओर्ता. पेशानं वैद्य, गोव्यात जवळजवळ तीस वर्षं मुरलेला आणि इथल्या औषधी वनस्पतींनी झपाटलेला माणूस. संवादाच्या रूपात लिहिलेल्या या पुस्तकात हिंगाबद्दल बोलता बोलता त्यानं विजयनगरच्या एका घोड्याची हकीकत सांगितली आहे. एका पोर्तुगीज व्यापाऱ्याकडे विकायला मोलाचा घोडा होता, पण त्याला वाताचा इतका त्रास की राजा तो घ्यायला तयार होईना. व्यापाऱ्यानं पिठात हिंग कालवून चारायला सुरुवात केली. घोडा बरा झाला आणि राजानं चांगली किंमत मोजून तो घेतला. औषध काय केलं, असं त्यानं विचारलं तेव्हा हिंगाचं नाव ऐकून त्याला मुळीच नवल वाटलं नाही. हिंग तर देवांचं खाणं, असं तो म्हणाला. व्यापारी मात्र आपल्या भाषेत हळूच पुटपुटला, की देवांचं कसलं, सैतानाचं!

ही हकीकत नुसती गमतीची नाही. दख्खनमध्ये घोड्याच्या पोटाला केवढी किंमत होती, ते तिच्यातून कळतं. चांगला घोडा इथे पैदा होत नसे. तो अरबस्तानातून, इराणातून जहाजानं यायचा. मार्को पोलोनं तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या राजाबद्दल लिहिलं आहे, की समुद्रावरच्या चाच्यांशी त्याचा करारच होता: लुटीतला बाकी माल चाच्यांचा, घोडे तेवढे राजाचे. पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नाव नूनिश विजयनगरात राहिला होता. तिथला पूर्वीचा राजा नरसिंह जिवंत घोड्यांबरोबर समुद्रात मेलेल्या घोड्यांचेही पैसे देई, पुरावा म्हणून नुसतं शेपूट आणलं तरी चाले, असं त्यानं नोंदवलं आहे. एवढ्या जिकिरीनं आणलेलं जनावर दख्खनच्या दमट पावसाळ्यात, सवय नसलेल्या वैरणीवर टिकवायचं, तर वैद्य हवाच.

आणि वैद्य होते. शालिहोत्र ऋषींना भारतीय अश्ववैद्यकाचे आद्य आचार्य मानतात. त्यांच्या नावावरूनच घोड्यांच्या वैद्याला साळोत्री म्हणू लागले. महाभारतातला नकुल विराटाच्या पागेत ग्रंथिक नाव घेऊन राहिला, म्हणून त्याच्याही नावावर अश्वचिकित्सेचे ग्रंथ आहेत. अग्निपुराणात घोड्यांच्या औषधोपचारांवर अध्याय आहेत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यातही घोड्यांना भरपूर जागा दिली. दातांवरून वय कसं ओळखावं, वात-पित्त-कफाच्या हिशेबानं कुठल्या घोड्याला काय मानवतं, कुठल्या ऋतूत काय चारावं, असं बरंच काही या परंपरेत सापडतं. त्याच पानांवर शुभ-अशुभ भोवऱ्यांची लांबलचक वर्णनंही आहेत. गळ्यावर देवमण असलेला घोडा आजही जत्रेत चढ्या भावानं जातो. त्या भोवऱ्याचा आणि घोड्याच्या प्रकृतीचा काडीचाही संबंध नाही.

या सगळ्यांत कौटिल्याचं अर्थशास्त्र वेगळं उठून दिसतं, कारण ते वैद्याला जबाबदार धरतं. अश्वाध्यक्षानं प्रत्येक घोड्याची जात, वय, रंग, खुणा आणि तो कुठून आला हे लिहून ठेवायचं. अश्ववैद्यानं केवळ आजार बघून भागत नाही. घोड्याचं अंग भरतंय की उतरतंय यावर लक्ष ठेवायचं आणि ऋतूप्रमाणे आहार ठरवून द्यायचा. व्यालेल्या घोडीला पहिले तीन दिवस तूप पाजायचं. आणि उपचारातल्या किंवा औषधातल्या हयगयीमुळे दुखणं वाढलं, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड. वैद्याच्या चुकीनं जनावर दगावलं, तर जनावराची पूर्ण किंमत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पागेत हा नियम होता, हे आज घोड्यावर वाट्टेल तो प्रयोग करणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

पुढे ही विद्या भाषा बदलत राहिली. शाहजहानच्या काळात शालिहोत्राचं फारसी भाषांतर झालं. त्यावरून जोसेफ अर्ल्स यानं केलेलं इंग्रजी पुस्तक १७८८ साली कलकत्त्यात छापलं गेलं. जयदत्ताचं ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाचं ‘अश्वचिकित्सित’ उमेशचंद्र गुप्त यांनी संपादून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहूनच प्रसिद्ध केलं. विसाव्या शतकात या कामात मराठी नावं दिसू लागतात. तंजावरच्या मराठा राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजींनी, वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयानं नकुलाचं सचित्र ‘अश्वशास्त्र’ १९५२ मध्ये छापलं. पुढच्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं एकनाथ दत्तात्रेय कुलकर्णी यांनी संपादलेलं भोजाचं ‘शालिहोत्र’ बाहेर काढलं. भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी तर घोड्याचं खाद्य म्हणून हरभऱ्याचा इतिहास शोधत स्वतंत्र लेख लिहिला. तोबऱ्यात पडणाऱ्या मूठभर हरभऱ्यासाठी एखाद्या विद्वानानं इतके ग्रंथ उलथेपालथे करावेत, याचं अप्रूप वाटतं.

पण साळोत्र्याची खरी परीक्षा पोथीत नव्हती, पोटशुळात होती.

घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट मिटतो, की आत गेलेलं परत वर येणं जवळपास अशक्य. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यापुढे घड्या पडून बसलेलं लांबलचक मोठं आतडं. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, जास्त झाली, कोरडा हरभरा पोटात जाऊन फुगला, वैरण बदलली, वाळू पोटात गेली, की वारा अडकतो, मळ थटतो, कधी आतड्याला पीळ बसतो. मग घोडा पुढच्या पायानं जमीन उकरू लागतो, मान वळवून सारखा कुशीकडे बघतो, बसतो, उठतो, लोळतो, घामानं निथळतो. घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला हे पाहिल्याबरोबर कळायचं. साळोत्री येईपर्यंत तो घोड्याला हळूहळू चालवायचा आणि लोळू द्यायचा नाही.

साळोत्र्याच्या झोळीत मग हिंग, ओवा, सैंधव, पादेलोण, सुंठ, मिरी, मेथी आणि गूळ निघायचं. सौम्य दुखण्याला गुळात वळलेला गोळा. जोराचं दुखणं असेल तर तेच कोमट पाण्यात किंवा तुपात कालवून पाजायचं. घोड्याचं डोकं दोरीनं वर घ्यायचं, तिरपा छेद दिलेलं बांबूचं नळकांडं गालफडाच्या बाजूनं आत सरकवायचं आणि थोडं थोडं ओतत घोडा गिळतोय का ते गळ्यावर हात ठेवून बघायचं. यात घाई झाली तर औषध फुप्फुसात जायचं आणि पोटदुखीतून वाचलेला घोडा चार दिवसांनी न्यूमोनियानं मरायचा. आजही घरगुती पाजणीत घोडे असेच जातात. पशुवैद्य नाकातून थेट जठरात नळी घालतो तो यासाठीच. त्या नळीनं औषध आत जातं आणि अडकलेला वायू नि पाणी बाहेर काढता येतं.

हिंग-ओव्यानं गुण यायचा का? वाऱ्यानं धरलेल्या साध्या पोटशुळात बहुधा यायचा. हिंगात आणि ओव्यात आतड्यांचा ताण सैल करणारे घटक असल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण आतड्याला पीळ बसला असेल, तर जगातला कुठलाही मसाला तो सोडवू शकत नाही. तिथे शस्त्रक्रिया, तीही काही तासांत. जुन्या साळोत्र्याला हा फरक पोट उघडून बघता येत नव्हता. त्याच्याजवळ साधनंच तेवढी होती. आजच्या घोडेवाल्याला फोन उचलता येतो.

या विद्येची ताकद औषधापेक्षा निगराणीत जास्त होती. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ हलवर्णात छावणीला असलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हा त्यातला भाग सगळ्यांना पाठ असतो. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या पोटाबद्दल आहे. जमवलेला दाणा आणि गवत आत्ताच उधळलंत, तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं महाराज बजावतात. पुढे ते आगीकडे वळतात. कुणी चूल पेटवेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. मग गवत नाही, घोडे नाहीत, पागा बुडाली. उंदरानं वात नेण्यापर्यंतचा विचार राजानं करावा! अश्ववैद्यकाचं याहून शहाणं पान सापडायचं नाही, आणि त्यात एकाही औषधाचं नाव नाही. १७६१ मध्ये पानिपतावर वैरणीवाचून खंगून घोडे मेले, तेव्हा या पत्रातली भीती शब्दशः खरी ठरली.

पागेतली रोजची निगा हेच पहिलं औषध होतं. सकाळी खरारा, मग हातानं मालिश, पाय धुऊन खूर साफ करणं, भिजवलेली चंदी तोबऱ्यातून थोडी थोडी देणं. मद्रासकडे हरभऱ्याऐवजी कुळीथ शिजवून घालत. पावसाळ्यात ठाण कोरडं ठेवायचं, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करायची. खरारा करताना मोतद्दाराचा हात अंगभर फिरायचा, त्यामुळे कुठे सूज आली, कुठे ऊन लागतंय, कुठल्या पायाला हात लावू देत नाही, हे दुखणं वाढण्याआधी कळायचं. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी घोडी ठेंगणी, काटक आणि कमी खाणारी. मराठ्यांच्या लांबलांब मजला या तट्टांनी मारल्या, त्या या रोजच्या हातामुळे. दसऱ्याला घोडा धुऊन, झेंडूच्या माळा घालून त्याची पूजा होई. अर्थशास्त्रातही आश्विनात घोड्यांना ओवाळायला सांगितलं आहे.

याच परंपरेची दुसरी बाजू मात्र क्रूर होती, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पायाची कंडरा सुजली, सांध्यावर हाड वाढलं, घोडा लंगडू लागला, की लोखंडाची सळई लाल करून त्या जागी डाग द्यायचा. रक्त बिघडलं म्हणून शीर फोडायची आणि रक्त वाहू द्यायचं. डोळ्याला पाणी आलं तरी कानशिलाजवळ डाग. हे फक्त आपल्याकडे होत होतं असं मुळीच नाही. त्याच काळात युरोपातले नालबंदही घोड्यांना डागत होते आणि बादलीभर रक्त काढत होते. भाजल्यामुळे नवं रक्त धावून येतं आणि कंडरा मजबूत होते, असा समज. १९८३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांच्या पायांच्या कंडरांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात डागण्याचा काही उपयोग आढळला नाही. डागलेला घोडा पुढे बरा व्हायचा तो बहुतेक वेळा सक्तीच्या विश्रांतीमुळे. जखम भरेपर्यंत कुणी त्याच्यावर स्वार होत नसे. विश्रांती नुसतीही देता आली असती.

साथींपुढे साळोत्र्याचं काहीच चालत नसे. सर्रा हा त्यांतलाच एक रोग. पावसाळ्यात आणि त्यानंतर घोड्याला ताप चढतो-उतरतो, पोटाखाली नि पायांवर सूज येते, खाऊनही तो वाळत जातो आणि मरतो. चावऱ्या गोमाश्यांशी या आजाराचा काहीतरी संबंध आहे, असा घोडेवाल्यांचा जुना अनुभव होता. १८८० मध्ये वायव्य सरहद्दीवर डेरा इस्माइल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानं आजारी घोड्यांचं आणि उंटांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा त्याला त्यात वळवळणारे परजीवी दिसले. या जातीचा परजीवी रोग घडवतो हे जगात पहिल्यांदाच दाखवलं गेलं. त्याच्या वरिष्ठांना ते पटलं नव्हतं. आज त्या परजीवीला त्याचंच नाव आहे. कडुनिंबाची धुरी माश्या दूर ठेवायला उपयोगी पडत असणार, पण एकदा रोग रक्तात गेला की धुरीचा किंवा काढ्याचा उपाय नाही.

तोवर नवं पशुवैद्यक महाराष्ट्रात आलेलंच होतं. १८६२ साली पुण्यात लष्कराची पशुवैद्यकीय शाळा निघाली, देशातली पहिली. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते. १९०५ पर्यंत ती घोडी कुलाबा, पायधुणी, बोरीबंदर अशी उन्हापावसात धावली. याच काळात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावानं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं आणि १८८६ मध्ये त्याच्या शेजारी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जॉन हेन्री स्टील हे पहिले प्राचार्य. ट्रामच्या, व्हिक्टोरिया बग्ग्यांच्या, गोदीतल्या आणि लष्करातल्या जनावरांनी भरलेल्या शहराला अशा शाळेची नितांत गरज होती. १८९९ मध्ये ग्लँडर्स या रोगाविरुद्ध कायदाही झाला. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोड्याला मारून पुरण्यावाचून गत्यंतर नसतं. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा उद्भवला, तेव्हाही तेच करावं लागलं. अशा वेळी ‘आमच्याकडे यावर जडीबुटी आहे’ म्हणत घोडा लपवणारा मालक स्वतःच्या लेकरांनाही धोक्यात घालतो.

नव्या शाळांनी साळोत्र्याला हळूहळू बाजूला सारलं. काही साळोत्री लष्करी रिसाल्यांत नव्या शिक्षणासह टिकले, बाकीचे गावोगाव राहिले, आणि घोडेच कमी झाले तसे तेही संपले. सोसायटीच्या दारात मोटारी आल्या. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०१५ मध्ये व्हिक्टोरिया बंद करण्याचा आदेश दिला. आता घोडा दिसतो तो माथेरानच्या लाल मातीवर, लग्नाच्या वरातीत, शर्यतीच्या मैदानावर, नाहीतर दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या आणि खंडोबाच्या नावानं नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत. भीमथडीला आता घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी मान्यता मिळाली आहे, ही आनंदाची गोष्ट.

या घोड्यांच्या पाठीवर जुन्या उपचारांना पुन्हा बरे दिवस येऊ लागले आहेत. बत्तिसा नावाची मसाल्याची तयार पावडर पशुऔषधांच्या दुकानात मिळते, मुख्यतः गाईम्हशींसाठी, पण घोडेवालेही नेतात. परदेशात घोड्यांना सुया टोचतात, चुंबकाच्या झुली घालतात, होमिओपॅथीच्या गोळ्या देतात. सुयांवर थोडंफार संशोधन तरी चालू आहे. चुंबक आणि गोळ्या यांच्या बाजूनं भरवशाचा पुरावा उभा राहिलेला नाही. आणि वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर धोक्याचाच. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये हाँगकाँगला चार घोड्यांच्या तपासणीत मिरचीतलं कॅप्सायसिन सापडलं आणि त्यांना स्पर्धेतून काढण्यात आलं. चोळायच्या मलमांत हा घटक असतो. तो वेदना बधिर करतो आणि कातडी हुळहुळीही करतो.

जुन्याचं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हा निवाडा अवघड नाही. भिजवलेली चंदी, वेळेवर पाणी, कोरडं ठाण, रोजचा खरारा, चढाच्या कामानंतर विश्रांती, हे सगळं ठेवायचं. माथेरानच्या घोड्याला आज याचीच सगळ्यात जास्त गरज आहे. हळद लावायची तर ती धुतलेल्या, वरवरच्या खरचटण्यावर. डागणी आणि रक्त काढणं कायमचं बंद. घोडा लोळू लागला, त्याच्या नाकातून घाण वाहू लागली किंवा ताप उतरत नसेल, तर मसाला कालवत बसू नये, थेट पशुवैद्याला बोलवावं.

आणखी एक विनंती. कैक मराठी घराण्यांत, विशेषतः ज्यांचे पूर्वज शिलेदार, पागनीस किंवा नालबंद होते त्यांच्याकडे, मोडीत लिहिलेली जुनी बाडं पडून असतात. त्यांत जमाखर्चाच्या मधेच घोड्याच्या औषधांची टिपणं असण्याची शक्यता असते. ती रद्दीत घालू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवा, आणि त्यांची एक नक्कल परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडेही पाठवा.